पहिले चाळीस तास

आजोळी ग्रामोफोनशेजारी पत्र्याची एक चपटी डबी असायची. झाकणावर भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा, आत पोलादी पिना. आजोबांचा दंडक होता की तबकडीची एक बाजू वाजली की पिन बदलायची. तीन मिनिटांच्या गाण्याला एक पिन. ज्या घरात पाकिटाची कोरी बाजूसुद्धा हिशेबाला वापरली जायची, तिथे ही उधळपट्टी कशी चालते, हे लहानपणी मला कळत नसे.

त्याचं उत्तर तबकडीत होतं. ७८ फेऱ्यांची ती जुनी तबकडी लाखेची. लाख आपल्याच देशातली, छोटा नागपूरकडच्या कुसुमाच्या आणि पळसाच्या झाडांवरून खरवडलेली. पण तबकडीत लाखेपेक्षा दगडाची पूडच जास्त असे. ही पूड कानशीचं काम करायची. नवी पिन टेकवली की पहिल्या काही फेऱ्यांत तिचं टोक घासून खाचेच्या मापाचं होई आणि मग आवाज भरून येई. मात्र घासणं तिथे थांबत नसे. बाजू संपेपर्यंत टोक चपटं होऊन त्याला धार येई, आणि तीच पिन पुढच्या तबकडीला लावली तर ती खाचच तासून काढी. वर शंभर ग्रॅमहून जास्त वजनाचा साउंडबॉक्स बसलेला. पिनेचा बळी देऊन तबकडी वाचवायची, असा तो व्यवहार होता.

आजोबांच्या पिनेला रुळायला काही सेकंद पुरत. आजच्या टर्नटेबलवर नवं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा इवला डबा, बसवलं की जाणकार सांगतात, थोडं वाजू द्या, वीस तास, चाळीस तास, मग खुलेल. उत्पादकही आपल्या पत्रकात असंच काहीसं लिहितात. पण आता सुईचं टोक हिऱ्याचं आहे आणि रेकॉर्ड विनाइलची, म्हणजे मऊ प्लास्टिकची. चाळीस तासांत विनाइल हिऱ्याला आकार देईल, ही गोष्ट अशक्य. मग खुलतं ते काय?

माझ्या टेबलावर सध्या ऑर्टोफोनचं २एम रेड आहे, तेव्हा त्याच्याकडेच बघू. ऑर्टोफोन ही १९१८ साली कोपनहेगनमध्ये सुरू झालेली कंपनी. आधी बोलपटांच्या ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणि नंतर कार्ट्रिज, असा तिचा प्रवास. २एम रेड २००७ पासून बाजारात आहे. वजन ७.२ ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेरात मावेल एवढी वस्तू. भिंगाखाली धरलं तर खालून एक बारीक ॲल्युमिनियमची नळी बाहेर आलेली दिसते. तिला कँटिलिव्हर म्हणतात. नळीच्या पुढच्या टोकाला हिरा. नळीच्या मागच्या, आत लपलेल्या टोकाला इवलंसं चुंबक. खाचेतल्या वळणांवरून जाताना हिरा थरथरतो, त्याबरोबर चुंबक थरथरतं, आणि शेजारच्या स्थिर वेटोळ्यांत वीज उमटते. किती, तर साडेपाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरमधून बाहेर पडणारा संकेत साधारण दोन व्होल्टचा असतो. त्याच्या शेकडो पट ही वीज कमी. म्हणून टर्नटेबलला वेगळा फोनो ॲम्प्लिफायर लागतो.

आता नळी अधांतरी तर राहू शकत नाही. ती रबराच्या एका लहानशा कड्यात रोवलेली असते. या कड्याला तीन कामं एकाच वेळी करावी लागतात. नळीला चारी दिशांना हलू द्यायचं, हलून झाली की मधोमध परत आणायचं, आणि परत आल्यावर तिला झोके घेत बसू द्यायचं नाही. झोपाळ्याची कडी, स्प्रिंग आणि ब्रेक, सगळं एका मोहरीएवढ्या रबरात. कार्ट्रिजमध्ये रुळणारी वस्तू कुठली असेल तर ती हीच. हिरा रुळत नाही, तार रुळत नाही, चुंबक रुळत नाही. रबर रुळतं.

रबर हा मोठा चमत्कारिक पदार्थ आहे. आत लांबच लांब रेणूंची गुंतवळ असते, गव्हाच्या शेवयांसारखी एकमेकींत अडकलेली. तिला बळकटी यावी म्हणून काजळीसारखी बारीक पूड मिसळतात. काही रेणू त्या कणांना चिकटून बसतात. पहिल्यांदा ताण आला की यांतली कच्ची पकड सुटते, गाठी सरकतात, आणि ताण काढल्यावर सगळं पूर्वीच्या जागी परत येत नाही. दुसऱ्या वेळी तेवढ्याच ताणाला रबर जास्त सहज देतं. फुगा फुगवताना हे आपण गालांनी अनुभवलेलं आहे. पहिल्या फुंकेला गाल दुखतात. हवा सोडून पुन्हा फुगवला तर मुकाट फुगतो. या गुणाचा बारकाईने अभ्यास लिओनार्ड मलिन्स या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात केला, आणि आजही त्याला मलिन्स परिणाम म्हणतात.

आता या माहितीच्या उजेडात चाळीस तासांचा हिशेब मांडून बघावा. खाचेत २०० हर्ट्‌झचा, म्हणजे साधारण बाईच्या आवाजातल्या षड्जाच्या जवळपासचा सूर असेल, तर एका मिनिटात रबर बारा हजार वेळा मुरडलं जातं. फुगा एका फुंकेत नरमतो. तेव्हा रबराच्या या पहिल्या नरमाईचा मोठा हिस्सा पहिल्या रेकॉर्डमध्येच उरकत असला पाहिजे, असं मला वाटतं. मागे उरतं ते सावकाश बसणं. सुईवर सतत भार असतो, त्या भाराखाली रबर हळूहळू दबतं, नळी केसभर वर ढकलली जाते, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डच्या किंचित जवळ येतं. नव्या गादीवर आठवडाभर झोपल्यावर ती अंगाची होते, तसं. हा बदल खरा आहे, दिसतो, मोजता येतो. पण तो लहान आहे.

तो लहान आहे हे मी इतकं ठासून सांगतो, कारण तो मोठा समजण्याची किंमत मी मोजलेली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचं कार्ट्रिज वेगळं होतं. त्याला दोन ग्रॅमचा भार हवा होता. मी ते स्वतः बसवलं, कार्ट्रिज धरणाऱ्या आर्मच्या मागच्या काउंटरवेटवरचा आकडा दोनवर आणला आणि वाजवायला घेतलं. विलंबित ठीक वाजे. द्रुतात तानांचा वेग वाढला की आवाजाला किरकिर येई, उभे ‘स’ फाटत. कुणीतरी सांगितलं होतं, नवं आहे, रुळेल. मीही वाट बघत राहिलो. रोज संध्याकाळी एक-दोन बाजू, असे तीस तास. त्यातले कितीतरी तास वडिलांच्या एका एलपीवर गेले: किशोरी आमोणकरांची, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. वडिलांच्या अक्षरात कोपऱ्यात तारीख घातलेली. किरकिर जाईना. शेवटी ओळखीच्या सराफाकडे गेलो, त्याच्याकडचा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा मागून आणला, आणि सुई त्यावर टेकवली. १.३१ ग्रॅम. काउंटरवेटवरची आकड्यांची चकती मुळात शून्यावरच नीट लावलेली नव्हती. भार दोनवर आणला आणि त्या क्षणी इतर रेकॉर्ड स्वच्छ झाल्या. भूपाची ती बाजू मात्र झाली नाही. द्रुतातल्या त्याच ताना, तीच किरकिर, आजही. ती आता सुईत नाही, खाचेत आहे.

बहुतेकांना उलटं वाटतं. हलकी सुई म्हणजे रेकॉर्डला माया, असं. प्रत्यक्षात हलकी सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून राहू शकत नाही. वळण तीव्र आलं की ती एका भिंतीपासून सुटते आणि परत येते ती आपटून. हिरा विनाइलवर आपटला तर खड्डा विनाइललाच पडणार. पुरेशा भाराने दोन्ही भिंतींना टेकून जाणारी सुई खाचेला त्याहून पुष्कळ कमी त्रास देते. नव्या कार्ट्रिजचं रबर ताठ असताना तर हे आणखी महत्त्वाचं. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच, भार वरच्या अंगाला ठेवावा. २एम रेडसाठी १.६ ते २.० ग्रॅम ही मर्यादा आणि १.८ ही शिफारस. मी पहिले वीस तास १.९ वर ठेवला होता.

१.८ ग्रॅम म्हणजे किती? जुन्या सोनाराच्या भाषेत पंधरा गुंजा. हातावर ठेवल्या तर जाणवणार नाहीत. पण हा भार ज्या टोकावर उभा असतो, त्याची खाचेला टेकणारी कड मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. २एम रेडच्या लंबगोल टोकाची वक्रता एका अंगाने ८ आणि दुसऱ्या अंगाने १८ मायक्रोमीटर आहे. माणसाचा केस धरा ७० मायक्रोमीटर. एवढ्याशा जागेवर पंधरा गुंजा आल्या की दाब चौरस सेंटीमीटरला टनांत जातो. आणि हे टोक प्रवास किती करतं? एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने जाते, लेबलाजवळ सुमारे २१. सरासरी धरली तर वीस मिनिटांच्या एका बाजूला सव्वाचारशे मीटरहून जास्त. रुळण्याचे चाळीस तास म्हणजे जवळपास ५२ किलोमीटर. सीएसएमटीहून निघालेली लोकल कल्याणला पोहोचत आलेली असते. आणि चांगल्या हिऱ्याचं आयुष्य साधारण हजार तास धरतात. तोवर सुई मुंबईहून दिल्लीच्या वाटेवर मथुरा मागे टाकून गेलेली असते.

त्या ५१ आणि २१ च्या फरकाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण आपल्या संगीताशी त्याचं फार जवळचं नातं आहे. वेग कमी म्हणजे तेवढ्याच सेकंदाचा आवाज कमी लांबीच्या खाचेत कोंबलेला; वळणं दाट आणि अवघड. ख्यालाच्या एलपीची बाजू कशी रचलेली असते? आलाप, विलंबित, मग द्रुत, आणि सगळ्यात वेगवान ताना शेवटच्या काही मिनिटांत. म्हणजे गायिका ज्या वेळी सगळ्यात अवघड गात असते, नेमक्या त्याच वेळी सुई सगळ्यात अरुंद, सगळ्यात संथ जागी असते. ताठ रबराची, चुकीच्या भाराची, तिरपी बसवलेली सुई आपला दोष इथेच कबूल करते. आमच्या भूपाच्या बाजूचा घात इथेच झाला.

तेव्हा रुळण्याचे तास मोजायला सुरुवात करण्याआधी बसवण्याचा दिवस नीट पार पाडावा. मी त्यासाठी रविवारची सकाळ ठेवतो, खिडकीतलं ऊन टेबलावर येतं ती. सुईवर तिचं प्लास्टिकचं टोपण. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक पिना असतात आणि आर्मच्या टोकाच्या हेडशेलातून आलेल्या चार रंगीत तारा: पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची परतीची, लाल उजव्या बाजूची, हिरवी तिची परतीची. तारेच्या टोकाची नळी चिमट्याने पिनेवर सरकवताना ढकलायचं थोडं आणि धरायचं जास्त; तार टाक्यापासून तुटली तर ती परत जोडणं नाजूक काम. नळी सैल वाटली तर दातकोरणीचं टोक आत धरून चिमट्याने हलकीच आवळायची. मग दोन स्क्रू, एकमेकांपासून १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, हे अंतर बहुतेक सगळ्या कार्ट्रिजांना सारखं. स्क्रू अजून घट्ट करायचे नाहीत.

आता कोन. रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं, आपला आर्म मात्र एका खिळ्याभोवती कंसात फिरतो. त्यामुळे सुई खाचेला तंतोतंत समांतर अशी फक्त दोन ठिकाणी राहू शकते. ही दोन ठिकाणं कुठे ठेवली की एकूण चूक कमीत कमी होईल, याचं गणित स्वीडनच्या एरिक लॉफग्रेनने १९३८ मध्ये मांडलं, एच. जी. बेअरवाल्डने १९४१ मध्ये ते पुन्हा मांडून प्रचारात आणलं. आज मिळणाऱ्या कागदी किंवा आरशाच्या पट्ट्यांवर जे दोन ठिपके असतात, केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२०.९ मिलिमीटरवर, ते त्या गणितातून आलेले. सुई ठिपक्यावर टेकवायची आणि नळी, कार्ट्रिजचा डबा नव्हे, नळी, रेघांना समांतर आहे का ते पाहायचं. आरशाची पट्टी असेल तर नळी आणि तिचं प्रतिबिंब एका ओळीत येतं. दोन्ही ठिपक्यांवर जमेपर्यंत पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. मला यात अजून तासभर लागतो, आणि हा तास वाचवावा असं कधी वाटलेलं नाही. मग स्क्रू आवळायचे, एकदा हा एकदा तो, म्हणजे डबा फिरत नाही. शेवटी भार, काट्यावर. सराफाच्या काट्याच्या त्या दिवसापासून आकड्यांच्या चकतीवर मी भरवसा ठेवलेला नाही.

एवढं झालं की रबराला त्याचा वेळ द्यायला आपण मोकळे.

काही लोक त्यासाठी जुनी, खरचटलेली, धूळ भरलेली रेकॉर्ड लावून ठेवतात. चांगली कशाला झिजवायची असा विचार. माझं मत याच्या अगदी उलट आहे. खाचेतली धूळ म्हणजे आजोबांच्या तबकडीतली दगडाची पूडच, आणि नव्या हिऱ्याचे पहिले तास त्यात घालवणं हा त्याच्यावर अन्याय. धुतलेली, सपाट, बऱ्या अवस्थेतली रेकॉर्ड लावावी आणि समोर बसून ऐकावी. खोलीत कुणी नसताना सुई फिरवत ठेवून तास भरण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण दोष असेल तर तो ऐकणाऱ्यालाच कळणार.

ऐकायचं काय? पाश्चात्त्य देशांत यासाठी खास चाचणीच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांवर एकच सूर टप्प्याटप्प्याने मोठा होत जातो आणि कुठल्या टप्प्यावर सुई हार मानते ते कळतं. त्या उपयोगी आहेत. पण आपल्या प्रत्येक ख्यालाच्या एलपीवर एक उत्तम चाचणी आपोआप मुद्रित झालेली असते: तानपुरा. गाणं सुरू व्हायच्या आधीचे काही सेकंद डोळे मिटून ऐकावेत. जवारीची ती गुंजन, तिच्यातले वरचे स्वर, हे सगळं अखंड आणि एकसारखं असतं, त्यामुळे त्यात आलेलं कसलंही हलणं, थरथरणं, एका बाजूला झुकणं लगेच उघडं पडतं. रेकॉर्ड फिरवणाऱ्या प्लॅटरचा वेग डळमळत असेल तर तानपुरा डुलतो. नवं कार्ट्रिज पहिल्या एक-दोन तासांत तानपुऱ्याला थोडं कोरडं करतं, असा माझा अनुभव आहे. तारा ऐकू येतात, भोपळा ऐकू येत नाही. नंतर भोपळा येतो. दुसरी जागा म्हणजे तबल्याचा बायाँ. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबून काढलेली घुमक खाली घसरते तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकू येते की मध्येच विरते? पहिल्या वीस तासांत बदल जाणवला तर तो बहुधा इथे.

खालच्या स्वरांतच का, यालाही कारण आहे. आर्म आणि कार्ट्रिज यांचं वजन आणि त्या रबराची लवचीकता मिळून एक झुलणारी जोडी तयार होते, आणि तिचा स्वतःचा असा एक झुलण्याचा वेग असतो. तो सेकंदाला आठ ते बारा झोक्यांच्या दरम्यान असावा असं मानतात. त्याहून खाली गेला तर वाकड्या रेकॉर्डच्या चढउतारांनी आर्म नाचू लागतो. वर गेला तर खर्जाला धक्का. २एम रेडच्या रबराची लवचीकता पत्रकात २० मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन अशी दिलेली आहे, म्हणजे एका गुंजेच्या भाराने टोक केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं सरकेल. माझ्या आर्मशी त्याचा हिशेब साडेआठ झोक्यांच्या आसपास येतो. रबर नवं आणि ताठ असताना हा आकडा थोडा वर असतो, रुळलं की खाली उतरतो. डेनॉनचं डीएल-१०३, जे जपानच्या एनएचके या सार्वजनिक नभोवाणीसाठी १९६० च्या दशकात घडवलं गेलं आणि अजूनही मिळतं, त्याचं रबर मुळातच ताठ आहे. भार अडीच ग्रॅम, आणि त्याला जड आर्म लागतो. हलक्या आर्मवर ते लावून शंभर तास वाजवलं तरी जोडी जमणार नाही. तिथे वाट बघण्यात हशील नाही.

वरच्या स्वरांचंही तसंच. एखाद्याला नवं कार्ट्रिज कर्कश वाटतं आणि तो रुळण्याची वाट बघतो. पण २एम रेडच्या वेटोळ्यांचा विद्युत गुणधर्म असा आहे, की त्याला जोडलेल्या वायरीची आणि फोनो ॲम्प्लिफायरची धारकता (कपॅसिटन्स) वरच्या पट्टीचा तोल ठरवते. ऑर्टोफोन १५० ते ३०० पिकोफॅरड सांगते. लांब वायर, त्यात ॲम्प्लिफायरची स्वतःची भर, असं करत हा आकडा बाहेर गेला तर तार षड्जावरची टोचणी चाळीस काय, चारशे तासांनीही तशीच राहील. वायर बदलली तर त्याच संध्याकाळी जाईल.

आणि कान. रबर बसतं तसा कानही बसतो, हे मान्य केलंच पाहिजे. नव्या चष्म्याने पहिले दोन दिवस जमीन वाकडी दिसते. तिसऱ्या दिवशी जमीन सरळ होते, चष्मा तोच असतो. २एम रेड बसवल्यावर मी पहिल्या तासाला एका रेकॉर्डची तीन मिनिटं संगणकावर मुद्रित करून ठेवली, आणि चाळीस तासांनी तीच तीन मिनिटं, त्याच भाराने, पुन्हा. दोन्हींचा आवाज सारखा केला आणि मुलीला सांगितलं, कुठली कुठली ते न सांगता आलटून पालटून लाव. बायाँच्या घुमकेवर कधी ओळखता आलं, कधी नाही. आवाजाच्या वरच्या अंगात मला काहीच फरक सांगता आला नाही. या चाळीस तासांत मी मात्र मनाशी कितीतरी वेळा म्हटलं होतं की आता उघडलं, आता मोकळं झालं. ते खोटं नव्हतं. त्या ओळखीत अर्धा वाटा माझ्या कानांचा होता, इतकंच.

रबराला हवामानही कळतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी, खोलीत पंधरा-सोळा अंश असताना पहिली बाजू नेहमी आखडलेली वाजते. तानांवर जुनी भीती जागी होते. खोलीत ऊन आलं, पाऊण तास गेला की ती जाते. रबर थंडीत ताठ होतं, याला नवं-जुनं असा भेद नाही. म्हणून भार आणि कोन तपासायचे ते नेहमीच्या तापमानाला. महिनोन्‌महिने न वाजवलेलं कार्ट्रिजही पहिल्या बाजूला थोडं ताठ वाटतं. नरमलेलं रबर विश्रांतीत काही अंशी पूर्ववत होत असतं. दशकानुदशकं डबीत पडून राहिलेल्या, ‘कोऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या कार्ट्रिजांची गोष्ट वेगळी आणि दुःखाची. हिरा खरोखरच कोरा असतो, पण रबर वयाने कडक झालेलं किंवा गळून गेलेलं असतं, आणि कितीही वाजवलं तरी ते परत येत नाही. सुई साफ करतानाही रबराची आठवण ठेवावी: कोरडा मऊ ब्रश, मागून पुढे, नळीच्या दिशेने. द्रव वापरायचाच तर हिऱ्याच्या टोकापुरता, नळीवरून ओघळून आत जाणार नाही इतका.

वीस तास झाले की मी पुन्हा रविवारची सकाळ काढतो. स्क्रू सैल झालेत का, ते आधी. मग काटा, भार सहसा हललेला नसतो, पण बघतो. १.९ वरून १.८ वर. मग सपाट रेकॉर्डवर सुई टेकवून बाजूने डोळा लावतो: रबर दबल्यामुळे कार्ट्रिज खाली आलं असेल तर आर्मची शेपटी तेवढी खाली घ्यावी लागते, म्हणजे वरचा भाग रेकॉर्डला समांतर राहतो. या वेळी जेमतेम अर्धा मिलिमीटर घ्यावी लागली. चाळीस तासांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा काहीच हललं नव्हतं. रबर बसलं, हे मला त्या समांतर रेषेने सांगितलं.

तास मोजायला टेबलाच्या खणात एक वही आहे. एलपीच्या एका बाजूला एक उभी रेघ, पाचवी आडवी, पानाच्या तळाशी बेरीज. हजारच्या जवळ गेल्यावर ही वहीच सांगेल की भिंग काढून हिरा बघायची वेळ झाली. काल रात्री बेरीज ४१ तासांवर आली. त्यानंतर वडिलांची ती एलपी काढली, पुसली, आणि बागेश्रीची बाजू लावली. ती बाजू तेव्हा फारशी वाजवली गेली नव्हती. शेवटच्या तानांपर्यंत स्वच्छ वाजली. वहीत एक रेघ वाढवली आणि रेकॉर्ड उलटी न करता पाकिटात ठेवली.